पिकअपला पिकअप का नाही? जुन्या गाडीवर पैसे घालण्याआधी

प्रश्न गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या केरीहून आलाय. गाडी २०१२ची, अडीच लिटरची टर्बो डिझेल पिकअप, जुन्या मेकॅनिकल पंपाची (म्हणजे इंजिनला डिझेल कॉम्प्युटरशिवाय मोजून देणाऱ्या), तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. मध्यरात्री रिकामी गाडी घेऊन चोर्ला घाट चढायचा, बेळगावला भाजी भरायची, पहाटे घाट उतरून साखळी, डिचोली, म्हापसा असा माल टाकत जायचं. महिन्याला अडीच हजार किलोमीटर. लिटरला १३ मिळायचे ते आता १०वर आलेत, घाटात गाडी दम खाते, काळा धूर मारते. खिशात ६० हजार आहेत आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी गाडी तयार हवी. मित्रांनी यादी दिलीय: पंपाचा स्क्रू वाढव, चिप बसव, मोठे रुंद टायर घाल, फ्री-फ्लो सायलेन्सर लाव, हायड्रोजन किट घे. ‘काका, यातलं आधी काय करू?’

यातलं काहीच करू नकोस. निदान आत्ता तरी नको.

तू सहज लिहून गेलास, पण सगळं गुपित तिथेच आहे. तुझी भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. म्हणजे दम खाते ती रिकामी गाडी! आता हिशोब बघ. रिकामी पिकअप पावणेदोन टनांची. चोर्ल्याचा चढ सरासरी सहा टक्के धरला आणि गाडी ३५च्या वेगाने चढवायची म्हटलं, तर चाकांना लागते जेमतेम १५ ते २० हॉर्सपॉवर. तुझं इंजिन नवं असताना साठ-पासष्ट द्यायचं. तिसरा हिस्सा ताकदीत जे काम व्हायला हवं तिथे गाडी दुसऱ्या गिअरला उतरते, याचा अर्थ गाडीला ताकद कमी नाही, होती ती हरवलीय. हरवलेली शोधायची सोडून वरून नवी घालणं म्हणजे भोक पडलेल्या कळशीत जास्त जोराने पाणी ओतणं.

मी डिचोलीला गॅरेज टाकलं त्याआधी खनिजाच्या टिपरांवर काम करायचो. खाणी जोरात होत्या तेव्हा दिवसाला जास्त खेपा मारायच्या म्हणून प्रत्येकजण ताकद वाढवायला इंजिनला काही ना काही टोचून घ्यायचा. मग २०१२ला खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, आणि त्यातले बरेच आम्ही विकण्याआधी खोलून बघितले. टोचून घेतलेल्या इंजिनांचे पिस्टन तेव्हा टेबलावर मांडलेले मला अजून दिसतात. म्हणून आधीच सांगतो, या विषयात मी थोडा जुन्या मताचा आहे.

पहिलं काम फुकटचं: मोज. १३ आणि १० हे आकडे तू कसे काढलेस ते लिहिलं नाहीस. ‘हजाराचं टाकलं, इतकं चाललं’ असं असेल तर तो आकडा सोडून दे. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलवर, ऑटो-कट पहिल्यांदा पडेल तिथे थांबून टाकी फुल कर. किलोमीटर लिही. निदान पाचशे किलोमीटर चालव, परत तसंच फुल कर, किती लिटर बसलं ते लिही. असं तीनदा. तीनही आकडे जवळजवळ आले तर तोच तुझा खरा ॲव्हरेज. ही वही झाल्याशिवाय कुठल्याही कामाचा फायदा झाला की नाही हे तुलाही कळणार नाही आणि मलाही. नवा एअर फिल्टर घातल्यावर ‘गाडी एकदम हलकी झाली’ असं सगळ्यांनाच वाटतं. पैसे दिलेले असतात ना.

आता शोध. गाडीची ताकद दोनच प्रकारे हरवते: इंजिनात तयारच होत नाही, नाहीतर तयार होते पण चाकापर्यंत जाता जाता कोणीतरी खातो. लोक पहिल्यावर पैसे घालतात. मी दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण ते स्वस्त पडतं आणि तुझ्या रस्त्यावर त्याचाच संशय जास्त आहे.

टनभर भाजी घेऊन तू रोज घाट उतरतोस. उतरतानाची बरीचशी शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ब्रेकचे लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात, ड्रम तापतात, हबमधलं (चाकाच्या मधल्या भागातलं) ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, व्हील सिलिंडरचे रबर कडक होतात. त्यावर आपला पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि रस्त्यावरचा तांबडा चिखल. ड्रममध्ये चिखल बसतो, हँडब्रेकची केबल गंजून अर्धी ओढलेलीच राहते. चालवणाऱ्याला काही कळत नाही, कारण हे एका दिवसात होत नाही. रोज थोडं थोडं होतं आणि पाय तेवढा जास्त दाबायची सवय लावून घेतो.

तपासायचं असं. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जा, शेवटचा एखादा किलोमीटर ब्रेकला पाय लावू नकोस, गिअर उतरवत गाडी आपोआप थांबू दे. खाली उतरून चारही हबजवळ हाताची मागची बाजू धर. चिकटवू नकोस, भाजेल. चारही सारखे कोमट असतील तर ठीक. एखादा तव्यासारखा तापला असेल तर चोर सापडला. मग जॅकवर उचलून चाक हाताने फिरव. एक-दोन फेरे मोकळं फिरलं पाहिजे. घासल्याचा आवाज आला तर ब्रेक धरतोय, घरघर आली तर बेअरिंग. माझ्याकडे ॲव्हरेजची तक्रार घेऊन येणाऱ्या जुन्या पिकअपपैकी कितीतरी इथेच सुटतात. चारही चाकं खोलून साफ करायची, सिलिंडरच्या किट बदलायच्या, बेअरिंगला नवं ग्रीस भरायचं, हँडब्रेकची केबल नवी घालायची. ब्रेक ऑइलही बदल. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडे हवेत ओलाव्याशिवाय दुसरं आहे काय? ओलावा शिरलेलं ऑइल घाटात तापलं की उकळतं आणि पॅडल खाली जातं. ॲव्हरेज सुधारो न सुधारो, हे तुझ्या जिवासाठी कर.

क्लच बघायला दोन मिनिटं लागतात. तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावर एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दे. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच सरकतोय. घाटात जळका वास येत असेल तर हे करायचीही गरज नाही.

टायरमधली हवा थंड गाडीत मोज. तुमच्यातले बरेचजण ‘गाडी उडते’ म्हणून मागची हवा चाळीसवर ठेवतात. भरलेल्या पिकअपला मागे पन्नासच्या वर पीएसआय लागतं. नेमका आकडा दरवाजाच्या चौकटीवर नाहीतर मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. आधीच्या मालकाने नायलॉनचे टायर घातले असतील तर त्याच साइजचे रेडियल घाल. या एका गोष्टीला मी खरं ‘अपग्रेड’ म्हणेन. रेडियलची बाजू कमी पिळवटते, म्हणून टायर लोळवायला ताकद कमी लागते. आणि अलाइनमेंट करून घे. पुढचा टायर एका कडेने करवतीसारखा झिजलाय का ते बोट फिरवून बघ. झिजला असेल तर ते चाक रोज रस्त्यावर तिरकं घासत चाललंय, आणि घासायचं डिझेल तूच देतोयस.

आता बोनेट उघडू.

धुरावरून निम्मं निदान होतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, तोही इंजिन गरम झाल्यावर, म्हणजे डिझेल पेटतच नाही नीट किंवा पाणी आत जातंय. धूर अजिबात नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच कमी पोचतंय. फिल्टर तुंबला असेल किंवा कुठून हवा ओढत असेल. तुझा धूर काळा आहे. काळा म्हणजे डिझेल पोचतंय पण त्याला हवा कमी पडते, नाहीतर ते फवारा होऊन पडायच्या ऐवजी थेंब होऊन पडतंय. तो काळा धूर म्हणजे तुझंच डिझेल, पैसे देऊन घेतलेलं, अर्धं जळून बाहेर चाललेलं.

हवेची बाजू आधी. एअर फिल्टर काढून बघ. आपली तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते, वरून फुंकर मारून साफ दिसलं तरी कागदाच्या आत बसलेली असते. मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनला हवा कमी आली हे नीटसं कळतच नाही, ते डिझेल टाकत राहतं. म्हणून या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरचा फटका थेट ॲव्हरेजला बसतो. फिल्टर नवा घाल, पण साधा, कंपनीचा, कागदाचा. धुवून वापरायचे ते तेल लावलेले स्पोर्ट्स फिल्टर आपल्या धुळीत माझ्या तरी पसंतीचे नाहीत. हवा थोडी जास्त जाते, आणि तिच्यामागून मातीही. माती टर्बोची पाती आणि सिलिंडर दोन्ही खाते.

मग टर्बोपासून इंजिनपर्यंतचे सगळे होज. इतक्या वर्षांचा रबर वरून बरा दिसतो आणि खालच्या बाजूला फाटलेला असतो. इंजिन चालू करून साबणाचं पाणी शिंपड, दुसऱ्याला ॲक्सिलरेटर द्यायला सांग, जिथे फेस येईल तिथे हवा गळतेय. टर्बोने दाबलेली हवा अशी वाटेतच निघून गेली की इंजिन टर्बोचं डिझेल पितं आणि बिनटर्बोच्या गाडीसारखं चालतं. थंड इंजिनवर टर्बोचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवून बघायचा. किंचित हलतो, ते चालतं. पातं बाजूच्या भिंतीला टेकत असेल तर टर्बोचं काम काढावं लागेल.

आता एक गोष्ट जी मला दर दुसऱ्या जुन्या गाडीत सापडते आणि जिच्याबद्दल कोणी विचारत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. गाडी कधीतरी गरम झालेली असते, कोणीतरी फिटर थर्मोस्टॅट काढून फेकतो आणि सांगतो, ‘आता कधी गरम होणार नाही.’ खरंच होत नाही. कधीच होत नाही, आणि तीच तर अडचण. टिपरांच्या काळात आम्हीही हे पाप केलंय. मे महिन्यात मांडवीकाठच्या जेट्टीवर ट्रकांची रांग लागायची, इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभे, गरम व्हायचे, आणि आम्ही थर्मोस्टॅट काढून मोकळे व्हायचो. रेडिएटर साफ करायला वेळ कोणाला होता? डिझेल इंजिनला ऐंशी अंशांच्या वर तापमान लागतं. त्याखाली ऑइल जाड राहतं, सिलिंडरच्या थंड भिंतींवर डिझेल अर्धवट जळतं, रिंगा लवकर झिजतात. तुझ्या बाबतीत तर आणखी वाईट. पावसाळ्यातल्या धुक्यात तू पहाटे घाट उतरतोस, गिअरमध्ये उतरताना इंजिन डिझेल जाळतच नाही, त्यात थर्मोस्टॅट नसेल तर केरीला पोचेपर्यंत काटा तळाला आलेला असणार. आलाय का? उद्या बघ. येत असेल तर थर्मोस्टॅट घाल, त्याआधी रेडिएटर आतून-बाहेरून साफ कर आणि पाण्याऐवजी कूलंट भर. फॅनला व्हिस्कस कपलिंग (गरज असेल तेव्हाच फॅन जोरात फिरवणारा जोड) असेल तर तेही तपास. ते जाम होऊन फॅन कायम पूर्ण वेगाने फिरत असेल तर तोही रोजचा चोर. थंड इंजिन सुरू करून बोनेट उघड; फॅनची घरघर मिनिट-दोन मिनिटांनीही थांबली नाही तर त्यावरून कळतं.

डिझेलची बाजू. फिल्टरच्या तळाच्या वॉटर सेपरेटरमध्ये साठलेलं पाणी शेवटचं कधी सोडलंस? पावसाळ्यात आठवड्याला सोड. पाणी नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, टोकाला गेलं की ते गंजतं, आणि गंजलेलं नोझल फवारा मारत नाही, पिचकारी मारतं. चारही नोझल काढून टेस्टरवर लावायची. किती दाबाला उघडतात, फवारा चारही बाजूंना सारखा आहे का, बंद झाल्यावर टोकाला थेंब लोंबतो का, हे तीन प्रश्न. दीड-दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत स्प्रिंग ढिली पडून उघडायचा दाब उतरलेला असतोच. नोझल बदलून दाब कंपनीच्या आकड्यावर आणायचा. त्याच वेळी पंप बेंचवर लावून चारही सिलिंडरला सारखं डिझेल जातंय का ते बघून घ्यायचं. हे काम पंपाच्या स्पेशालिस्टकडेच करायचं, माझ्यासारख्या साध्या गॅरेजवाल्याकडे नाही. आम्ही काढून नेतो आणि बसवतो, एवढंच.

पंप परत बसवताना टायमिंग, म्हणजे डिझेल नेमकं कधी फवारलं जातं ते. इथे घाई करणारे फिटर जुन्या खुणेवर खूण जुळवतात आणि बोल्ट आवळतात. ती खूण आधीच्या फिटरने चुकीची मारलेली असली तर? टायमिंग मागे राहिलं की डिझेल उशिरा पेटतं, अर्धी आग सायलेन्सरमध्ये जाते, गाडी सुस्त आणि धुरकट. पुढे गेलं तर खटखट वाढते, ॲव्हरेज थोडं बरं वाटतं आणि पिस्टन मार खातो. डायल गेज लावून कंपनीच्या आकड्यावरच ठेवायचं. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घे, तेही इंजिन थंड असताना.

हे सगळं करूनही फरक पडला नाही तर मात्र कॉम्प्रेशन बघावं लागेल. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण ढिलं करून वर ठेव. झाकण जागच्या जागी थरथरलं तर चालतं. उडून पडलं आणि खालून भसाभसा धूर आला, तर रिंगा गेल्यात. मग तुझे ६० हजार इंजिनच्या कामालाच जातील आणि बाकीचं सगळं पुढच्या वर्षी. पण माझा अंदाज आहे की तिथवर जावं लागणार नाही. निळा धूर नाही आणि सकाळी पहिल्या स्टार्टला चालू होते असं तू लिहिलंयस.

मित्रांच्या यादीकडे येऊ.

स्क्रू. पंपाचा डिझेलचा स्क्रू अर्धा फेरा वाढवला की गाडी खरंच उठते, खोटं कशाला सांगू? नवा टर्बो, ताजी नोझल, मोकळा फिल्टर असलेल्या इंजिनात थोडं जास्त डिझेल पचतं. तुझं इंजिन आहे ते डिझेलच पचवत नाही, म्हणून तर धूर. आमच्याकडे एक गिऱ्हाईक होता, मोलेकडून अनमोड घाटाने माल घेऊन जायचा. कुठल्यातरी गॅरेजात स्क्रू वाढवून घेतला, दोन महिने सगळ्यांना सांगत फिरला. तिसऱ्या महिन्यात टो करून आणली. हेड उतरवलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा काठ मेणासारखा वितळलेला. डिझेल जास्त म्हणजे धुराची उष्णता जास्त, आणि लांब चढावर ती उष्णता मिनिटा-दोन मिनिटांत संपत नाही, अर्धा-अर्धा तास चालते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. शहरात हाणायला स्क्रू चालून जातो, घाटात नाही.

चिप तुझ्या गाडीला बसतच नाही. तिला कॉम्प्युटर नाही, मग चिप फसवणार कोणाला? कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांत ती सेन्सरचा आकडा खोटा करून रेलमधला दाब वाढवते, तिथे निदान काहीतरी होतं. तुला कोणी विकत असेल तर तो वायरी जोडलेला रिकामा डबा असेल.

रुंद टायर दिसायला छान. पण घेर पाच टक्के वाढला की प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो, म्हणजे घाटात जिथे तिसरा चालत होता तिथे दुसरा लागतो. शिवाय मीटर पाच टक्के कमी किलोमीटर दाखवतो, त्यामुळे वहीतला हिशोबही बिघडतो. ज्याला भाजी वाहायची आहे त्याने यात पडू नये.

सायलेन्सरचं थोडं वेगळं आहे. टर्बोच्या पुढचा पाइप मोकळा असणं चांगलंच. आणि आपल्याकडच्या खाऱ्या-ओल्या हवेत सायलेन्सर आतून गंजतो, आतले पत्रे सुटून वाट अडवतात. काठीने हळू ठोकून बघ, आत खुळखुळ वाजतंय का. वाजत असेल तर बदल, पण कंपनीचाच घाल. फ्री-फ्लोने मिळेल तो आवाज. डिचोली बाजारात पोलीस तुला त्या आवाजावरून ओळखायला लागतील, एवढाच फायदा.

हायड्रोजन किट, टाकीत टाकायच्या गोळ्या, डिझेलच्या पाइपला लावायची चुंबकं: एका वाक्यात. हायड्रोजन बनवायला लागणारी वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, इंजिन डिझेल पितं, आणि प्रत्येक पायरीला थोडं वाया जातं, मग शेवटी फायदा कुठून येणार?

कायद्याचंही जाता जाता सांगतो, कारण तुझी मालवाहू गाडी आठ वर्षांच्या वरची आहे, तिला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. धुराचं म्हणशील तर तुझ्या बीएस-३ गाडीला पीयूसीत ६५ हार्ट्रिजची (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) मर्यादा आहे. वाढवलेल्या स्क्रूची गाडी तिथे पास झाली तर मला त्या मशिनचं कौतुक वाटेल. आणि चवथीच्या आठवड्यात माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधायच्या मांडवाच्या) सामानाची मागणी आहे म्हणून दीडपट भरशील, तर ओव्हरलोडला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. त्यापेक्षा दोन खेपा मार.

वजनाबद्दल मात्र मी लोकांसारखं सांगणार नाही. पुढचा लोखंडी गार्ड, हौद्याचा जादा पत्रा, वेल्डिंग केलेला कॅरिअर काढ, ॲव्हरेज वाढेल, असं सगळे सांगतात. हिशोब कर. एक लिटर डिझेलमधून चाकाला मिळतं ते साधारण १२ मेगाजूल, बाकी दोन तृतीयांश रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जातं. रिकामी गाडी सहाशे मीटर वर चढवायला पाऊण-एक लिटर लागतंच, ते कोणीही वाचवू शकत नाही. त्यात अडीचशे किलो जादा लोखंड असेल तर त्याचं शंभर-सव्वाशे मिलिलिटर. महिन्याला वीस खेपा धरल्या तरी दोन-अडीच लिटर. म्हणजे काढलंस तर चांगलं, पण यातून तुझे तीन किलोमीटर परत येणार नाहीत. गार्ड काढ तो दुसऱ्या कारणासाठी: तो बेकायदा आहे, आणि उतरताना ब्रेकला तेवढंच जास्त ओझं.

पाय मात्र पैसे वाचवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ६०च्या जागी ८०ला गेलास तर तो पावणेदोनपटीच्या वर जातो, आणि तुझी गाडी म्हणजे समोरून एक कपाटच. ताडपत्री घट्ट बांध. फडफडणारी ताडपत्री म्हणजे मागे उघडलेली छत्री. चढावर गिअर वेळेवर उतरव, इंजिन गुदमरत ओढलं की धूर निघतो. आणि उताराला न्यूट्रल करतोस का? खरं सांग. अनेकजण करतात आणि समजतात की डिझेल वाचतं. गिअरमध्ये पाय सोडलेला असताना पंप डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलला आयडलिंगचं जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त जातं आणि ब्रेकवर सगळा भार येतो. इंजिनच बंद केलं तर आणखी कठीण: अशा बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम अल्टरनेटरच्या मागच्या पंपातून येतो, दोन-तीनदा दाबलं की पॅडल दगड होतो. चढून वर पोचल्यावर गाडी लगेच बंद करू नकोस, मिनिटभर चालू ठेव, टर्बोचं बेअरिंग थंड होऊ दे.

पैशांचं. डिझेल नव्वद रुपये धरू. आज अडीच हजार किलोमीटरला अडीचशे लिटर. साडेबारा ॲव्हरेज आलं, आणि ते यायला हरकत नाही, तर दोनशे लिटर. महिन्याला पन्नास लिटर, साडेचार हजार रुपये. ६० हजार खर्च केलेस तरी चौदा महिन्यांत वसूल. पण एकदम सगळे खर्च करू नकोस. आधी ब्रेक, बेअरिंग, फिल्टर, होज, थर्मोस्टॅट आणि अलाइनमेंट. मग परत दोनदा टाकी फुल करून वही बघ. ११-साडेअकरा आले तर आपण बरोबर वाटेवर आहोत, मग नोझल आणि पंप. टायर शेवटी, आणि तेही जुने झिजले असतील तरच. टर्बो मोडला असेल तर ही रांग बदलेल, ते बघितल्यावर ठरवू.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधीची, आणि ती मी मुद्दाम मागे ठेवली कारण ती कोणाला आवडत नाही. गाडी तू सेकंडहँड घेतलीस. आधीचा मालक काय वाहायचा? मासळी वाहत असेल तर बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चेसिसवर टपकलेलं असतं. खाली झोपून चेसिसच्या पट्ट्यांवर, विशेषतः मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरजवळ, छोट्या हातोडीने ठोकत जा. टण्‌ आवाज आला तर ठीक. धप्प आवाज आला, पापुद्रे पडले, तर एक रुपयाही इंजिनवर घालू नकोस. आधी मला बोलाव.

चेसिस ठणठणीत असेल तर वही पूर्ण झाली की येणाऱ्या सोमवारी गाडी आण. आदल्या संध्याकाळी आणून ठेव, म्हणजे सकाळी इंजिन थंड मिळेल; टॅपेट आणि टर्बोला तसंच हवं. वही आठवणीने आण. आणि चवथीच्या आधीच्या आठवड्यात येऊ नकोस, तेव्हा माझी दोन्ही पोरं गावाला जातात आणि गॅरेजात मी एकटाच असतो, तोही अर्धा वेळ माटोळीच्या दोऱ्या बांधत.